दहा हजार माणसं की दहा हजार बिऱ्हाडं?

२०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी एक करार केला. तिकडे हात कमी पडताहेत, इकडे हातांना काम नाही. तेव्हा वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, परिचारिका अशी सुमारे १०,००० कुशल माणसं निवडायची, त्यांना जर्मन शिकवायचं आणि टप्प्याटप्प्याने तिकडे पाठवायचं. तेव्हापासून कुठेही हा विषय निघाला की दोन फळ्या पडतात. एक म्हणते, आपल्या पैशाने शिकलेली माणसं दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायची, याला काय धोरण म्हणायचं? दुसरी म्हणते, इथे पोरं अभ्यासिकांमध्ये बसून तिशी गाठताहेत, त्यांना तिकडे चार पैसे मिळत असतील तर तुमच्या पोटात का दुखतं? मग पहिली देशप्रेम काढते, दुसरी रस्त्यातले खड्डे काढते, कुणीतरी कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईचं उदाहरण देतं, आणि चहा संपतो.

माझं म्हणणं असं की दोन्ही फळ्यांचा हिशेब मुळातच चुकलाय. त्या डोकी मोजतात. मोजायला हवीत बिऱ्हाडं. पंचविशी-तिशीतला माणूस परदेशी जातो म्हणजे आज ना उद्या त्याचं बिऱ्हाड जातं, नाहीतर ते दोन देशांत फाटतं. परक्या मुलखात रुळणं आपोआप होत नाही. ते काम आहे, रोजचं आणि तासन्‌तास चालणारं, आणि ज्याच्या नावावर नोकरी असते त्याच्याकडून ते होत नाही, कारण तो सकाळी सातला कामावर गेलेला असतो. ते काम घरातल्या बिनपगारी माणसाच्या अंगावर येतं. त्या माणसाची भाषा, त्याची पदवी, त्याच्या हातातला पैसा यांची तजवीज ज्या योजनेत नाही ती योजना अर्धीच आहे; उरलेल्या अर्ध्याचा खर्च कुणीतरी निमूटपणे भरत असतं. सरकारला तो पेलायचा नसेल तर त्याने घाऊक भावात माणसं पाठवण्याच्या फंदात पडू नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी वाचून सांगत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचो. बायकोला दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम शहरात नोकरी मिळाली, ती ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यावर, आधी गेली, चार महिन्यांनी मी आणि आठ वर्षांचा मुलगा मागून गेलो. तीन वर्षं राहून परत आलो. जर्मन कायद्यात या प्रकाराला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी ‘कुटुंबाचं मागून येणं’ असा होतो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन यायलाच हवं अशी अट नसते. मला वाटलं, सुटलो! तिथे पोचल्यावर पहिल्या दिवसापासून काम करायची मुभाही होती. म्हणजे कायद्याने दोन्ही दारं सताड उघडी ठेवली होती. तिसरं दार भाषेचं होतं आणि त्याची कडी आतून होती. जी सवलत वाटली तीच नडली. अट असती तर निदान सहा महिने खाली मान घालून शिकलो असतो.

रुळण्याचं काम म्हणजे नेमकं काय, हे न गेलेल्यांना कळत नाही आणि नोकरीवर गेलेल्यांना दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की कर-क्रमांक टपालाने येतो. त्याच्याशिवाय पगाराचं गणित अडतं. आरोग्यविमा, बँक, मुलाची शाळा, दर ठिकाणी आधीच्या ठिकाणचा कागद. आणि सगळं टपालाने, सगळं जर्मनमध्ये, लांबलचक वाक्यांत, ज्यांचं क्रियापद शेवटी भेटतं. रोज दुपारी पत्रपेटी उघडताना माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा नभोवाणी-दूरदर्शनच्या वर्गणीचं पत्र आलं. घरात टीव्हीच नाही, तर कसली वर्गणी? चौकशी केल्यावर कळलं की महिना १८.३६ युरो द्यायचेच, टीव्ही असो वा नसो, घरात एक माणूस राहो की पाच. ही वर्गणी माणशी नसतेच, घरटी असते. तेव्हा मी वैतागलो होतो. आता वाटतं, वसुलीच्या वेळी का होईना, बिऱ्हाड मोजता येतं हे त्या एका पत्राने सिद्ध केलं!

ही सगळी पत्रं मी लावायचो. बायको संध्याकाळी थकून यायची, तिला कार्यालयात इंग्रजी चालायचं, त्यामुळे तिची जर्मनशी गाठ पडायची ती बेकरीत. देशाशी माझीच अंगाला अंग घासून ओळख होत होती. त्या ओळखीचा पगार नव्हता, अनुभवाचा दाखला नव्हता, आणि पुण्याहून फोन आला की एकच प्रश्न असायचा: “मग तू दिवसभर करतोस काय?” काळजीने विचारायचे, हे कबूल. पण आमच्याच इमारतीत राहणाऱ्या दुसऱ्या मराठी घरातली बाई, जी इथे वकिली सोडून गेली होती, तिला हा प्रश्न तिच्या माहेरच्यांनी तीन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. पुरुषाचं काम गेलं की तो प्रश्न होतो आणि बाईचं काम गेलं की तो संसार होतो. मी पुरुष असल्यामुळे मला निदान माझं काही गेलंय हे दिसलं. उलट झालं असतं, म्हणजे मी नोकरीवर आणि बायको मागून, तर मला ते दिसलं असतं का? खात्री देता येत नाही.

तिथल्या सरकारी भाषावर्गात बसलो. ६०० तास भाषा आणि १०० तास त्या देशाचा कायदा, इतिहास, रीतभात. वर्ग चांगला असतो, शिक्षकही. पण तो जिथे संपतो ती पातळी दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्याशी बोलायला पुरते. वर्गात उभं राहून शिकवायला तिच्या बऱ्याच वर जावं लागतं. शिवाय तिथे शाळेतल्या शिक्षकाला साधारणपणे दोन विषय लागतात. माझ्याकडे एकच, अर्थशास्त्र. बारा वर्षांचा अनुभव एका ओळीत निकालात निघाला. माझ्या बाकावर एक औषधनिर्माता होता, पुढे एक दंतवैद्य बाई. दहा वाजताच्या सुट्टीत आम्ही तिघं ‘माझा व्यवसाय’ या विषयावर पाच वाक्यं जुळवायचो. क्रियापदं भूतकाळात घालायला आम्हाला सगळ्यांत लवकर जमलं.

आता कुणी म्हणेल, ही एका माणसाची कुरकूर झाली. ठीक आहे, मग खुद्द जर्मनीचाच इतिहास बघू. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला हात हवे होते. १९५५ला इटलीशी पहिला करार झाला, १९६१ला तुर्कस्तानशी, मधे आणि नंतर इतर देशांशी. या कामगारांना ‘पाहुणे कामगार’ म्हणायचे. नाव किती गोड! पाहुणा म्हणजे जाणारा. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात दोन वर्षांची मुदत होती आणि कुटुंब आणण्याचा विषयच नव्हता. माणसं फिरती ठेवायची, एक तुकडी गेली की दुसरी. पण कारखानदारांनाच ते परवडेना. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी परत कोण पाठवणार? १९६४ला ती मुदत गेली. १९७३ला भरती थांबली, तेव्हा जे तिथे होते त्यांनी विचार केला की आता बाहेर पडलो तर पुन्हा येता येणार नाही, आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. म्हणजे भरती थांबवण्याच्या निर्णयानेच बिऱ्हाडं आली. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख माणसं आली आणि त्यांतली १ कोटी १० लाखांच्या आसपास परत गेली असं सांगतात. राहिलेल्यांसाठी काय केलं? १९८३ला एक कायदा केला: परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क आणि वर मुलामागे १,५०० मार्क. आणि भाषेचे जे वर्ग मी वर सांगितले, ते कायद्याने सुरू झाले २००५ला. पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी. या पन्नास वर्षांत कित्येक बायका घरात बसून राहिल्या, मुलं आईबापांची दुभाषी झाली, आणि मग तोच देश विचारू लागला की ही माणसं आमच्यात मिसळत का नाहीत!

याहून आपल्या जवळचं उदाहरण केरळचं आहे आणि त्याची आपल्याकडे कुणी आठवणही काढत नाही. साठच्या दशकापासून चर्चच्या मध्यस्थीने केरळमधल्या तरुणी परिचारिका म्हणून पश्चिम जर्मनीत गेल्या. त्या गेल्या, कमावू लागल्या, सुट्टीत गावी येऊन लग्नं केली आणि नवरे मागून गेले. शिकलेले नवरे. त्यांना सुरुवातीची काही वर्षं काम करायची परवानगीच नव्हती. ते घरी राहिले, मुलं सांभाळली, पाळीवरून आलेल्या बायकोला झोपू दिलं. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात परिचारिकांची गरज ओसरली तेव्हा काही राज्यांत अशा काहीजणींचे परवाने पुढे वाढवून मिळाले नाहीत आणि त्यांना बाडबिस्तरा आवरावा लागला. आपल्या करारातल्या यादीत परिचारिका आहेतच. उद्या एखादी परिचारिका जाईल आणि तिचा नवरा, इथला दुकानदार किंवा शिक्षक, मागून जाईल. त्याच्यासाठी कुणी काही लिहून ठेवलंय का? की पन्नास वर्षांपूर्वी केरळने गिरवलेला धडा आपण पहिल्या ओळीपासून गिरवायचा?

यावर सगळ्यांत भक्कम उत्तर असं येतं की ते दिवस गेले. कायदे बदलले, आता जोडीदाराला कामाची मुभा आहे, जर्मनीला माणसं हवीच आहेत, मुलांना वर्षाचं झाल्यापासून पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३पासून आहे. हे सगळं खरं आहे आणि ते मी भोगलंही आहे. अमेरिकेत गेलेल्यांची गोष्ट आठवा: एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला २०१५पर्यंत कामच करता येत नव्हतं, आणि नंतरही परवानगी मिळाली ती त्यांतल्या काहींनाच, ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांना. त्या मानाने जर्मनी उदार. पण हक्क असणं आणि हाती लागणं यात अंतर असतं. पाळणाघराचा हक्क आहे, जागा मात्र रांगेत. कामाची मुभा आहे, पण करव्यवस्था बघा. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लावायची पद्धत तिथे १९५८पासून आहे. एक खूप कमावणारा आणि एक न कमावणारा अशा जोडीला तिचा सर्वांत जास्त फायदा. अशी पुष्कळ जोडपी तीन आणि पाच या कर-वर्गांची जोडी घेतात: जास्त पगारवाल्याची कपात कमी, कमी पगारवाल्याची भरमसाट. वर्षाअखेरीस हिशेब जुळतो, हे मी अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून जाणतो. पण बारीकसारीक तासांच्या नोकरीतून पुढे पाऊल टाकून खरी नोकरी धरली की पहिल्या महिन्याचा पगाराचा कागद बघून घरात दोघंही म्हणतात, एवढ्यासाठी कशाला मरमर? आणि तो विषय तिथेच मिटतो.

मुलांचंही तसंच. ‘मुलं काय, पटकन रुळतात’, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची चीड येते. रुळतात, बोलायला लागतात, सहा महिन्यांत आपल्या चुका काढायला लागतात. पण जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. एक वाट सरळ विद्यापीठाकडे जाते, बाकीच्या वळणावळणाने. म्हणजे नवव्या वर्षी तिथे पोचलेल्या पोराला परकी भाषा शिकून, त्या भाषेत गणित आणि परिसर शिकून, स्वतःला सिद्ध करायला वर्ष-दीड वर्ष मिळतं. वाट पुढे बदलता येते, पण ती बदलायला आईबापांना व्यवस्था कळावी लागते, शिक्षकांशी भांडता यावं लागतं. कोणत्या भाषेत भांडणार? पालकसभेत मी तीन महिने नुसती मान डोलावली. घरी आल्यावर मुलगा सांगायचा, बाबा, त्या तुम्हाला प्रश्न विचारत होत्या.

दुसरं उत्तर जुन्या पिढीकडून येतं आणि त्यात दम आहे असं वाटतं खरं. आमचे आजोबा कोकणातून, साताऱ्याहून मुंबईला गिरणीत गेले, एकटे गेले, काय बिघडलं? बायकामुलं गावी राहिली, महिन्याला मनीऑर्डर आली, गणपतीला घर भरलं. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ला स्थापन झाली. म्हणजे ही रीत शंभर वर्षांहून अधिक चालली. पण ते एकटे गेले होते का? एका खोलीत गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, ती खोली गावकीची असायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे. पहाटे उठून पाच-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या या बायकांची दखल घ्यायला १९७५ उजाडलं, प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा. आणि गावी जी बायको होती तिने शेत राखलं, सासूसासऱ्यांची आजारपणं काढली, पोरं वाढवली. गिरणीमालकाने एका माणसाच्या पोटापुरता पगार द्यायचा आणि बिऱ्हाडाचा बोजा गावाने उचलायचा, असा तो सौदा होता. स्वस्त पडला तो गिरणीला. त्या सौद्याला आपण त्याग म्हणतो, अभिमानाने सांगतो, आणि आता जागतिक पातळीवर पुन्हा करायला निघालोय. फरक इतकाच की त्या वेळी आजारी पडलं तर रातराणीने गावी जाता यायचं.

इथे परकीय चलनवाले मधे बोलतात. परदेशस्थ भारतीयांनी २०२२ साली १०० अब्ज डॉलरच्या वर रक्कम देशात धाडली, हे खरंच आहे आणि लहान नाही. पण पैसा घरी का येतो? घर इकडे असतं म्हणून. बिऱ्हाड तिकडे हललं की मनीऑर्डर आटते. तिकडचं घरभाडं, मुलांचा खर्च, पुढे तिकडच्याच घराचं कर्ज. आखाती देशांत कमी पगाराच्या माणसाला कुटुंब नेताच येत नाही, त्यासाठी ठरावीक पगाराची अट असते, आणि तिथून पैसा नेमाने येतो याचं एक कारण हेच. तेव्हा या पैशाच्या भरवशावर जे सरकार योजना आखतं ते न बोलता फाटलेल्या बिऱ्हाडांवर भरवसा ठेवत असतं. हे स्वच्छ शब्दांत मांडून मग लोकांना विचारावं, चालेल का म्हणून. आणि ‘बुद्धीची गळती’वाल्या फळीला तर माझा सवाल सोपा आहे: मागून गेलेली वकील, मागून गेलेला शिक्षक, दंतवैद्य, यांची बुद्धी कुणाकडे गळली? ती ना इकडे राहिली ना तिकडे लागली. ही गळती त्यांच्या हिशेबात आहे तरी का?

एक आक्षेप मात्र मला खरंच अडचणीत टाकतो. परतायला मला नोकरी होती, घर होतं. माझी रजा मंजूर होती. ज्याच्याकडे इथे दोन एकर कोरडवाहू आणि आय.टी.आय.चा कागद आहे, त्याला मी भाषावर्ग आणि कर-वर्ग सांगत बसणं हे पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान आहे, असं मला एका तरुणाने तोंडावर सांगितलं. बरोबर सांगितलं. मी त्याला जाऊ नको म्हणत नाही. तसंच, कित्येक बायकांना तिकडे पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. रात्री अकराला एकट्या ट्रामने घरी येणं, सासूच्या नजरेबाहेर स्वयंपाकघर असणं, नवऱ्याला झाडू मारावाच लागणं, कारण मदतीला कुणी नसतं. मागून जाणं म्हणजे बाईची वाताहतच, असं रडगाणं मला गायचं नाही. पण ज्यांना हा मोकळेपणा खरोखर लाभलेला मी पाहिला, त्या सगळ्यांनी भाषा धरली होती आणि त्यांच्या नावावर बँकेत स्वतःचे पैसे होते. ज्यांच्याकडे ही दोन्ही नव्हती त्यांचं जग आणखी आकसलं: चार खोल्या, एक मोबाइल, आणि नवऱ्याच्या परवान्याला जोडलेला स्वतःचा परवाना. लग्न बिनसलं तर कुणाकडे जायचं? राष्ट्रीय महिला आयोगाला अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष चालवावा लागतो, यातच काय ते समजा. म्हणजे त्या मोकळेपणाची उदाहरणं माझ्या विरोधात जातात असं मला वाटत नाही. कोरडवाहूवाल्या तरुणाच्या बायकोला तर भाषेची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे, कारण तिला परतीचा रस्ता माझ्याइतका सोपा नाही.

राहिला ‘हा घरगुती प्रश्न आहे, सरकारचा काय संबंध’ हा मुद्दा. ज्याने त्याने आपापलं ठरवावं, डोळे उघडे ठेवून जावं. माणूस आपल्या हिमतीवर जात असेल तर हे मान्य. पण सरकार स्वतः करार करतं, माणसं निवडतं, भाषेचे वर्ग भरवतं, तेव्हा ते दलालाच्या नव्हे, पालकाच्या जागी उभं असतं. शिवाय डोळे उघडे ठेवून जाणाऱ्याच्या पायाखालची जमीन तिकडची सरकारं हलवतात. ब्रिटनने म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायला (‘केअर वर्कर’ म्हणून) येणाऱ्यांना ११ मार्च २०२४पासून कुटुंब आणायला बंदी केली. कॅनडाने जोडीदारांना कुठल्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या खुल्या परवान्याची दारं जानेवारी २०२५मध्ये बऱ्याच जणांसाठी लावून घेतली. घरगुती म्हणून सोडून दिलेला प्रश्न परक्या देशाच्या राजपत्रात सुटतो किंवा चिघळतो. एकट्या माणसाला तिथे आवाज नसतो. करार करणाऱ्या राज्याला असतो, निदान सही करण्याच्या दिवशी.

आपल्याकडे हा वाद चुकीच्या जागी घालायची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात प्रश्न होता समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो का. आनंदीबाई जोशी १८८३ला अमेरिकेला निघाल्या तेव्हा सगळी चर्चा बाटण्याची आणि वाळीत टाकण्याची. गोपाळरावांनी आधी स्वतःला तिकडे काम मिळावं म्हणून खटपट केली होती, ती फसली, मग बायको एकटी गेली आणि ते मागून गेले. मला ठाऊक असलेला हा पहिला मराठी ‘मागून गेलेला नवरा’. फिलाडेल्फियाच्या थंडीत ती मुलगी कशी राहिली, काय खाल्लं, आजारात उशाशी कोण होतं, हे धर्माच्या वादात कुणी विचारलं नाही. १८८६ला ती डॉक्टर झाली, सत्कार झाले, आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेली. तेव्हा धर्म होता, आता देशप्रेम आणि परकीय चलन आहे. राहण्या-जेवण्याचा, बोलण्या-बसण्याचा प्रश्न तेव्हाही दुय्यम होता, आजही आहे.

मागणी फार मोठी नाही. निवडलेल्या माणसाच्या जोडीदाराला त्याच वर्गात, त्याच वेळी, बाकाची जागा द्या. शिक्षक तोच, फळा तोच. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर आधी सांगा की तिकडे पोरांच्या वाटा कधी फुटतात. जोडीदाराची पदवी तिकडे धरली जाते की नाही, हे विमानात बसायच्या आधी तपासून द्या, मग उत्तर ‘नाही’ असलं तरी हरकत नाही. नाही म्हणून कळलेलं बरं असतं. मला ते दीड वर्षाने कळलं.

गेल्या उन्हाळ्यात चुलत पुतण्या आला होता. इलेक्ट्रिशियन आहे, हात चांगला आहे, जर्मनचा वर्ग लावलाय. उत्साहात ‘इश हाइस’ (माझं नाव अमुक) पासून सगळं म्हणून दाखवलं. मी विचारलं, “सूनबाई कुठल्या वर्गात बसते?” तो हसला. “ती कशाला काका? नोकरीला मी जाणार. ती येईल नंतर, शिकेल हळूहळू.” मी वाद घातला नाही; लग्नघर होतं, आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. चार दिवसांनी रात्री साडेनऊला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. पोर झोपल्यावर बोलत असावी, आवाज बारीक होता. “काका, यांच्याकडून नंबर घेतला. माझं डी.एड. झालंय, तीन वर्षं नोकरी केलीय. तिकडे त्याचं काय होतं?” मी उठून दिवा लावला, जुनी फाइल काढली आणि तिला म्हटलं, कागद-पेन घे.